आधी जमतं, मग आवडतं

मूल गणिताला कंटाळलं की घरी आणि शाळेत बहुतेकदा एकच उपाय सांगितला जातो : त्याला आधी गोडी लावा. मग रंगीत मणी येतात, कोडी येतात, अलीकडे टॅबलेटवरचे खेळ येतात. आवड निर्माण झाली की मूल मेहनत करेल आणि मेहनत केली की गणित जमेल, असा त्यामागचा हिशेब. कॅनडातल्या क्युबेक प्रांतातल्या संशोधकांनी हा हिशेब तपासून पाहिला. सुमारे दीड हजार मुलांवर त्यांनी पहिलीपासून चौथीपर्यंत लक्ष ठेवलं. मुलांना गणित किती येतं हे मोजलं आणि किती आवडतं हेही मोजलं. त्यांचा निष्कर्ष २०१६ साली ‘चाइल्ड डेव्हलपमेंट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. आज कोणाला गणित चांगलं जमतं, यावरून पुढे कोणाला ते आवडेल याचा अंदाज बांधता येत होता. आज कोणाला आवडतं यावरून पुढे कोणाला जमेल, हे मात्र सांगता येत नव्हतं.

हा एका प्रांतातला आणि लहान वयाच्या मुलांचा अभ्यास आहे, त्यावरून सगळ्या जगाचं गणित मांडता येणार नाही. तरीही वर्गात येणाऱ्या यंत्रांकडे बघण्याची दिशा त्याने बदलते. एखादं ॲप मुलाला किती वेळ रमवतं, याला मग फारसा अर्थ उरत नाही. काल न जमलेलं आज त्याला जमतंय का, एवढंच विचारावं लागतं.

या प्रश्नाचं सगळ्यात भक्कम उत्तर दिल्लीत मिळालं आहे. कार्तिक मुरलीधरन, अभिजीत सिंह आणि अलेहांद्रो गनिमियन या अर्थशास्त्रज्ञांनी २०१५ साली तिथल्या सरकारी शाळांत शिकणाऱ्या ६१९ मुलांवर एक प्रयोग केला. अहमदाबादच्या ‘एज्युकेशनल इनिशिएटिव्ह्ज’ या संस्थेने ‘माइंडस्पार्क’ नावाचं सॉफ्टवेअर तयार केलं होतं आणि शाळेच्या वेळेबाहेर चालणाऱ्या केंद्रांत ते वापरलं जात होतं. या केंद्रांत मोफत प्रवेश कोणाला द्यायचा, हे संशोधकांनी सोडतीने ठरवलं. सोडत महत्त्वाची, कारण हुशार किंवा होतकरू मुलंच तेवढी एका गटात गोळा होत नाहीत आणि दोन्ही गटांची तुलना रास्त ठरते.

प्रयोगाच्या सुरुवातीची चाचणीच अस्वस्थ करणारी होती. सहावीतली मुलं गणितात सरासरी अडीच इयत्ता मागे होती. नववीतल्या मुलांची पिछाडी साडेचार इयत्तांवर गेली होती. एकाच वर्गात बसलेल्या मुलांच्या पातळीत पाच-सहा इयत्तांचं अंतर होतं. फळ्यावर समीकरणं चालू असताना काही मुलं अजून भागाकारातच अडकलेली होती. ही अडचण दिल्लीपुरती नाही. ‘असर’ या शैक्षणिक पाहणीच्या २०२४च्या अहवालानुसार ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या मुलांपैकी फक्त ३०.७ टक्के मुलांना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता येतं. उरलेल्यांपुढे सहावीत अपूर्णांक आणि गुणोत्तर येतं. तासामागून तास काहीही न कळता बसून राहायचं, तेही वर्षानुवर्षं. अशा मुलाला गणिताची आवड नाही म्हणून बोल लावणं अन्यायाचं आहे.

माइंडस्पार्कचं काम मूल नेमकं कुठे अडकलंय हे शोधण्यापासून सुरू होतं. ०.७ मोठा की ०.६५, असं विचारलं तर बरीच मुलं ०.६५ म्हणतात, कारण सातापेक्षा पासष्ट मोठे. पूर्ण संख्यांसाठी शिकलेला नियम ती दशांश चिन्हाच्या पलीकडेही लावतात. दुसरं एखादं मूल ०.७ असं बरोबर उत्तर देतं, पण मनात त्याने भलताच नियम धरलेला असतो : अंक जितके कमी तितकी संख्या मोठी. त्याला ०.४ आणि ०.८३ यांतली मोठी संख्या विचारली की ते ०.४ म्हणतं आणि खरी समजूत बाहेर येते. साठ मुलांच्या वर्गात प्रत्येकाच्या डोक्यातला असा नियम शोधून काढणं चांगल्या शिक्षकालाही अवघड जातं. उत्तरागणिक पुढचा प्रश्न बदलणाऱ्या सॉफ्टवेअरला ते जमू शकतं, आणि संगणकाचा खरा उपयोग इथे आहे.

केंद्रावरचा वेळ रोज नव्वद मिनिटांचा होता. त्यातली निम्मी मिनिटं संगणकासमोर आणि निम्मी बारा-पंधरा मुलांच्या गटात एका सहायकाबरोबर. साडेचार महिन्यांनी सोडत लागलेली मुलं गणितात इतरांच्या ०.३७ प्रमाण विचलनाने पुढे गेली होती. याचा साधा अर्थ असा : शंभर मुलं गुणांप्रमाणे चढत्या क्रमाने उभी केली, तर पन्नासाव्या जागी असलेलं मूल साधारण चौसष्टाव्या जागी पोचावं. सर्वांत मागे पडलेल्या मुलांचा फायदा डोळ्यांत भरणारा होता, कारण केंद्रात न आलेली त्यांच्यासारखी मुलं शाळेत जाऊनही जवळपास होती तिथेच राहिली होती. शाळेच्या परीक्षेत मात्र गणिताच्या गुणांत ठळक फरक पडला नाही. संशोधकांनी हे लपवलेलं नाही. परीक्षा इयत्तेच्या अभ्यासक्रमावर असते आणि ही मुलं अजून खालच्या पायऱ्या चढत होती. शिवाय निकालातला किती वाटा संगणकाचा आणि किती सहायकाचा, हे या प्रयोगावरून वेगळं काढता येत नाही.

मुलाच्या पातळीवर जाऊन शिकवण्याची ही कल्पना संगणकाने आणलेली नाही. तिचा एक मोठा प्रयोग मुंबईच्या महापालिका शाळांत झाला. ‘प्रथम’ या संस्थेने वस्तीतल्याच, साधारण दहावीपर्यंत शिकलेल्या तरुणींना ‘बालसखी’ म्हणून नेमलं. तिसरी-चौथीतल्या मागे राहिलेल्या पंधरा-वीस मुलांना बालसखी रोज दोन तास वर्गाबाहेर घेऊन बसायची आणि अंकओळख, बेरीज-वजाबाकी, वाचन पक्कं करून घ्यायची. अभिजीत बॅनर्जी, एस्थर डुफ्लो हे अर्थशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबई आणि वडोदऱ्यात या उपक्रमाचं मोजमाप केलं, तेव्हा मुलांच्या गुणांत स्पष्ट वाढ दिसली. वडोदऱ्याच्या अनेक पालिका शाळांना सरकारने प्रत्येकी चार संगणक दिले होते. फार थोड्या शाळा ते वापरत होत्या. तिथे चौथीच्या मुलांना आठवड्यातून दोन तास, एका संगणकावर दोघं, असे गणिताचे खेळ दिले गेले. दुसऱ्या वर्षाअखेर गणितातली वाढ ०.४७ प्रमाण विचलनापर्यंत गेली. कार्यक्रम संपल्यावर वर्षभरात यातला बराचसा फायदा ओसरला, हेही त्याच अभ्यासात नोंदलेलं आहे.

नुसती यंत्रं वाटून काय होतं, हे पेरूने पाहिलं. तिथल्या ग्रामीण भागातल्या ३१९ शाळांच्या पाहणीत मुलांना लॅपटॉप मिळाल्याचा गणित आणि भाषेच्या गुणांवर परिणाम दिसला नाही. गुजरातमध्ये ‘ज्ञानशाला’ या संस्थेच्या वर्गांत तर यंत्राची वेळ निर्णायक ठरली. संगणकाचा तास शाळेनंतर ठेवला तेव्हा मुलं पुढे गेली. चांगल्या चाललेल्या तासाच्या जागी तोच कार्यक्रम घुसवला, तेव्हा ती मागे पडली.

आता वर्गाच्या दारात चॅटबॉट उभा आहे. त्याची नीट परीक्षा घेणारा एक प्रयोग तुर्कस्तानातल्या एका माध्यमिक शाळेत २०२३ साली झाला. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या हम्सा बस्तानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नववी ते अकरावीच्या सुमारे हजार विद्यार्थ्यांचे तीन गट केले. एका गटाने वही-पुस्तक घेऊन सराव केला. दुसऱ्याच्या हाती चॅटजीपीटीसारखा, विचारेल ते सांगणारा चॅटबॉट होता. तिसऱ्याचा चॅटबॉट शिक्षकांच्या मदतीने बांधलेला होता. तो थेट उत्तर न देता पुढच्या पायरीचा इशारा द्यायचा.

सरावाच्या वेळी दुसऱ्या गटाची कामगिरी पहिल्यापेक्षा ४८ टक्क्यांनी सरस होती आणि तिसऱ्याची तर १२७ टक्क्यांनी. मग चॅटबॉट काढून घेऊन परीक्षा झाली. थेट उत्तरं मिळवणारा गट पहिल्या गटापेक्षा १७ टक्क्यांनी मागे पडला. इशारे मिळणारा गट वही-पुस्तकवाल्यांच्या बरोबरीने राहिला. दुसऱ्या गटातली बरीच मुलं चॅटबॉटला सरळ उत्तरच मागत होती, आणि तो चॅटबॉट जवळपास निम्म्या वेळा चुकत होता. आपण कमी शिकलो, हे मात्र या गटाला जाणवलंच नव्हतं.

सराव सोपा गेला म्हणजे गणित आलं, ही फसगत संगणकाशिवायही होते. पुस्तकात एका प्रकरणाखाली एकाच जातीची वीस उदाहरणं असतात. तिसऱ्यानंतर मूल विचार न करता कृती करत जातं. फ्लोरिडातल्या सातवीच्या ५४ वर्गांत डग रोहरर या संशोधकाने काही वर्गांना निरनिराळ्या प्रकारची उदाहरणं मिसळून दिली. महिन्याभराने न सांगता चाचणी घेतली, तेव्हा मिश्र सराव केलेल्या मुलांना सरासरी ६१ टक्के गुण पडले, एकजातीय सराव केलेल्यांना ३८ टक्के. मिश्र सरावात प्रत्येक वेळी कुठली रीत लावायची, हे मुलाला स्वतः ठरवावं लागतं. त्यासाठी खर्च काहीच नाही. शिक्षकाने गृहपाठाची उदाहरणं वेगवेगळ्या प्रकरणांतून निवडली की झालं.

या सगळ्या प्रयोगांतून गणित शिकण्याच्या दोन अटी दिसतात : उदाहरण मुलाच्या आवाक्यातलं हवं आणि डोकं मुलानेच चालवायला हवं. या अटी पाळणारं यंत्र दिल्लीसारखं काम करतं; दुसरी अट मोडणारं यंत्र कितीही चतुर असलं तरी मुलाचं नुकसान करतं. म्हणून शाळांना आणि पालकांना एक विनंती आहे. कुठल्याही ॲपचं वर्षाचं शुल्क भरण्याआधी मुलाला त्यावर आठवडाभर सराव करू द्या. मग यंत्र बाजूला ठेवून तशीच पाच गणितं कोऱ्या कागदावर द्या, शेजारी बसा आणि ते ती कशी सोडवतं हे बघून पैसे भरायचे की नाही ते ठरवा.