नैराश्यविकार आणि मंद श्वसन

नैराश्यविकारात मन खचते, तद्वतच शरीराचेही स्वास्थ्य हरपते. निद्रा व क्षुधा बिघडतात. अशा वेळी मज्जासंस्था शांत केल्याने रुग्णास कितपत लाभ होतो, हा प्रश्न विचारार्ह आहे.

यौगिक श्वसनाचा प्रयोगशाळेत अभ्यास करण्याची परंपरा महाराष्ट्रात जुनी आहे. स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापिले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. यौगिक क्रियांचे परिणाम केवळ श्रद्धेने न मानता मोजून पाहावेत, ही त्यांची भूमिका होती.

श्वास घेताना हृदयाची गती किंचित वाढते, सोडताना मंदावते. कारण उच्छ्वासकाली व्हेगस या मज्जातंतूचा हृदयावरील निरोध वाढतो. मिनिटास सुमारे सहा श्वास घेतल्यास हा चढउतार अधिक ठळक होतो. नैराश्यग्रस्तांत तो सरासरीने कमी आढळतो. परंतु एवढ्यावरून तो विकाराचे कारण ठरत नाही.

शिवाय क्षोभ शमणे व नैराश्य दूर होणे या भिन्न गोष्टी होत. ज्याची उमेदच मावळली आहे, त्याला केवळ ‘शांत हो’ असे सांगणे अपुरे होय. मंद श्वसनाने व्याकुळता कमी होऊ शकते. मात्र तीव्र विकारात, विशेषतः आत्मघाताचे विचार येत असल्यास, मनोविकारतज्ज्ञाचे उपचार अनिवार्य ठरतात. श्वसनाभ्यास हा उपचारांचा साहाय्यक होय, पर्याय नव्हे. मोजून पाहण्याच्या त्या भूमिकेशी हाच निष्कर्ष सुसंगत आहे.