मचूळ पाणी आणि आपली प्रकृती

गेल्या उन्हाळ्यात पूर्णा नदीकाठच्या एका खेड्यातले शेतकरी माझ्या दवाखान्यात आले. वय पंचावन्न, रक्तदाब 170/100. दोन वर्षांपासून गोळ्या चालू होत्या. मीठ कमी करा, लोणचे-पापड बंद करा, हे मी प्रत्येक खेपेला सांगत असे. त्यांच्या सौभाग्यवती शपथेवर सांगत होत्या की, घरात अळणीच स्वयंपाक होतो. तरीही रक्तदाब काही खाली येईना. तपासून झाल्यावर त्यांनी खिशातून घडी केलेला एक कागद काढला. शेतातल्या नव्या बोअरच्या पाण्याचा तो इंग्रजी रिपोर्ट होता.

"डाक्टरसाहेब, याच्यात ब्रॅकिश असं लिवलं हाये. म्हंजे पान्यात जंतू हायेत का?"

त्या कागदात त्यांच्या प्रश्नाचे उत्तर तर होतेच, पण मला पडलेल्या कोड्याचेही उत्तर होते. म्हणून या आठवड्यात या एका शब्दाविषयी चार गोष्टी सांगतो.

शब्दाचा अर्थ

ब्रॅकिश म्हणजे मचूळ. गोडेही नाही आणि समुद्रासारखे खारेही नाही, असे मधले पाणी. हा शब्द मुळात डच भाषेतून इंग्रजीत गेला. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. भूजलाचा अभ्यास करणारे लोक लिटरला 1 ते 10 ग्रॅम क्षार असलेल्या पाण्याला ब्रॅकिश म्हणतात. मासळीच्या धंद्यात हाच शब्द खाडीच्या पाण्यासाठी वापरतात. कोकणात कोळंबीची शेती होते ती या पाण्यावर, आणि सरकारी मराठीत त्याला 'निमखारे पाणी' म्हणतात. चेन्नईला 1987 साली स्थापन झालेली एक राष्ट्रीय संशोधन संस्था आहे, तिच्या नावातच हा शब्द आहे. म्हणजे कोळंबीसाठी जे पाणी उत्तम, ते माणसाच्या पिण्यासाठी योग्य असेलच असे नाही.

आपल्याकडे समुद्र शेकडो किलोमीटर दूर, मग पाणी मचूळ कसे? अकोला, अमरावती आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पूर्णेच्या खोऱ्यात जो खारपाणपट्टा आहे, तो वाचकांना ठाऊकच आहे. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर आणि मध्ये नदीने आणून टाकलेल्या गाळाचा खोल थर. चिकण मातीतून पाण्याचा निचरा होत नाही, पाऊस बेताचा आणि ऊन कडक. त्यामुळे क्षार वाहून न जाता जमिनीतच साठत राहतात. विहीर खणा नाही तर बोअर घ्या, हे क्षार पाण्याबरोबर वर येतात.

हा शब्द काय सांगत नाही

ब्रॅकिश या शब्दाचा जंतूंशी काहीही संबंध नाही. मचूळ पाणी जंतुविरहित असू शकते, आणि अमृतासारख्या गोड विहिरीत कावीळ-हगवणीचे जंतू असू शकतात. म्हणून रिपोर्टमध्ये जंतूंची तपासणी वेगळी असते, ती वेगळीच वाचावी.

दुसरा घोटाळा आपल्या 'क्षार' या शब्दामुळे होतो. आपण मिठासारख्या पदार्थांनाही क्षार म्हणतो आणि आम्लाच्या उलट गुणाच्या पदार्थांनाही क्षारच म्हणतो. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लोणारच्या सरोवरात दोन्ही एकत्र आढळतात. ते पाणी खारटही आहे आणि सोड्यासारखे तीव्र अल्कधर्मीही आहे. आपल्या बोअरचे पाणी मचूळ असले तरी तितके अल्कधर्मी असेलच असे नाही.

तिसरी गोष्ट जड पाण्याची. साबणाला फेस येत नाही, डाळ शिजत नाही, भांड्यावर पांढरा थर बसतो, तो कॅल्शियम आणि मॅग्नेशियममुळे. पाणी जड आणि मचूळ दोन्ही असू शकते. अशा वेळी डाळ शिजावी म्हणून गृहिणी चिमूटभर खाण्याचा सोडा टाकतात. सोड्यातही सोडियमच असते, हे लक्षात ठेवावे.

पाण्यातून येणारे मीठ

आता त्या शेतकऱ्याचा हिशेब पाहू. त्यांच्या पाण्यात लिटरला सुमारे 500 मिलीग्रॅम सोडियम होते. मिठाच्या भाषेत सांगायचे तर लिटरमागे सव्वा ग्रॅम मीठ. वैशाखात शेतात राबणारा माणूस सहज चार लिटर पाणी पितो. म्हणजे नुसत्या पाण्यातून पाच ग्रॅम, एक लहान चमचा मीठ पोटात गेले. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला दिवसभरात पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खायला सांगते. ताट अळणी होते, पण तांब्या खारट होता! दोन वर्षे मी भाजीतल्या मिठाची चौकशी केली, पाण्याची केली नाही.

बांगलादेशात खुलना जिल्ह्यातील दाकोप हा खाडीलगतचा भाग आहे. तिथल्या गरोदर स्त्रियांचा अभ्यास 2011 साली प्रसिद्ध झाला. कोरड्या ऋतूत पाण्यातला खारटपणा वाढतो, आणि त्याच काळात गरोदरपणातील वाढलेल्या रक्तदाबाचे प्रमाणही जास्त आढळले. म्हणून आपल्याकडच्या गरोदर सुनेची, लेकीची काळजी घेताना पाण्याचाही विचार व्हावा.

मूत्रपिंडाच्या विकाराबद्दल मात्र सावधपणे बोलले पाहिजे. खारपाणपट्ट्यात किडनीचा प्रत्येक रोगी पाण्यालाच दोष देतो. पाण्याचा वाटा नाही असे मी म्हणत नाही. पण मधुमेह, दुर्लक्षित रक्तदाब आणि अंगदुखीसाठी वर्षानुवर्षे मनाने घेतलेल्या गोळ्या ही कारणे पाण्याच्या आड लपून राहतात. शिवाय आणखी एक गोष्ट घडते. चव नाही म्हणून माणसे पाणीच कमी पितात. मग लघवी पिवळी, जळजळ आणि पुढे मुतखडा.

माझी एक चूक

वीस-बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. आठ महिन्यांच्या एका बाळाला जुलाब लागले होते. मी आईला घरीच मीठ-साखरेचे पाणी करायला सांगितले, प्रमाणही नीट समजावले. दुसऱ्या दिवशी बाळाला परत आणले. जुलाब थांबले होते, पण बाळ चिडचिडे झाले होते, पाण्यासाठी तडफडत होते आणि मध्येच गुंगीत जात होते. मी बाईंना विचारले, "ताई, पाणी कुठले घेतले?" त्या म्हणाल्या, "घरच्या हिरीचं." घरची विहीर मचूळ होती. खारट पाण्यात पुन्हा मीठ पडले होते. बाळाला ताबडतोब मोठ्या दवाखान्यात हलवले, ते वाचले. आईची काहीच चूक नव्हती. पाणी कुठले, हे विचारणे माझे काम होते. तेव्हापासून जुलाबाच्या प्रत्येक रोग्याला मी आधी पाणी विचारतो आणि मग औषध लिहितो. रक्तदाबाच्या रोग्याला मात्र तोच प्रश्न विचारायला मला गेल्या उन्हाळ्यापर्यंत थांबावे लागले, हे कबूल केले पाहिजे.

काय करावे?

पाणी उकळून खारटपणा जात नाही, उलट पाणी आटल्यामुळे वाढतो. तुरटी, क्लोरीनचे थेंब, फडके, साधा कँडल फिल्टर यांनीही क्षार निघत नाहीत. ते काढायला आरओ यंत्र लागते, नाही तर दुसरे पाणी शोधावे लागते. पत्र्यावरचे किंवा स्लॅबवरचे पावसाचे पाणी पहिल्या एक-दोन सरी सोडून स्वच्छ टाकीत साठवावे. ते गोडे असते, पण पिण्यापूर्वी उकळून घ्यावे. धुण्या-भांड्याला बोअरचे आणि पिण्या-स्वयंपाकाला नळाचे गोडे, अशी विभागणी केली तरी पुष्कळ साधते.

रिपोर्टमध्ये 'टीडीएस' हा आकडा पाहावा. विरघळलेल्या एकूण क्षारांचे ते माप आहे. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात तो लिटरला 500 मिलीग्रॅमपर्यंत असावा. दुसरी सोयच नसेल तर 2000 पर्यंत चालवून घेतात. त्याबरोबर सोडियम, नायट्रेट आणि फ्लोराइडचे आकडेही डॉक्टरांना दाखवावेत. पेनासारखा टीडीएस मीटर मिळतो, तो फक्त क्षारांचा अंदाज देतो, जंतूंचा नाही. विकतच्या जारचे पाणी गोड लागले म्हणजे ते शुद्ध, असेही समजू नये.

लहान मुलांसाठी जलसंजीवनी नेहमी गोड्या पाण्यातच करावी. पुडीवर लिहिले असेल तेवढेच पाणी मोजून घ्यावे. घरी गोडे पाणी नसेल तर शेजाऱ्याकडून आणावे. तोवर अंगावरचे दूध बंद करू नये, मोठ्या मुलाला मीठ न घालता केलेली भाताची पेज द्यावी आणि वेळ न दवडता डॉक्टरांकडे न्यावे. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला तर आईच्या दुधाशिवाय वरचे पाणी मुळीच नको, उन्हाळ्यातही नको.

ते शेतकरी आता गावातल्या नळाचे पाणी कॅनने शेतात नेतात. चार महिन्यांनी रक्तदाब 138/86 भरला. केवळ पाण्यामुळेच असे मी म्हणणार नाही, कारण गोळ्याही ते आता नेमाने घेऊ लागले आहेत. पण गोळ्यांना निदान काम करायला वाव मिळाला.

तेव्हा वाचकहो, पुढच्या वेळी दवाखान्यात जाल तेव्हा काय खाता याबरोबर कुठले पाणी पिता, हेही आपण होऊन सांगा. डॉक्टर विचारायला विसरले, तरी सांगा.