सतरा सप्टेंबरला आजीला बोलतं करू या



दर वर्षी १७ सप्टेंबरला सकाळी शाळेसमोर आणि ग्रामपंचायतीसमोर झेंडावंदन होतं. लेकरं धुतलेले गणवेश घालून जातात, गुरुजींचं भाषण होतं, खाऊ वाटतात आणि तासाभरात मैदान रिकामं. आपण बाया त्या वेळी कुठं असतो? निम्म्या चुलीपाशी, निम्म्या मूग-उडदाच्या रानात. गटाच्या बैठकीत आम्ही विचारतो, पंधरा ऑगस्टचा झेंडा लावून महिना झाला की परत हा झेंडा कशाचा? चार-दोघी सांगतात, बाकीच्या एकमेकींकडं बघतात. म्हणून आज त्या दिवसाबद्दल बोलू, आणि तो दिवस आपल्याला गावात कसा साजरा करता येईल त्याबद्दलही.

१५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला, पण आपला भाग झाला नाही. नांदेड आणि त्या वेळी उस्मानाबाद जिल्ह्यात असलेलं लातूर, हे सगळं निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. मराठवाड्याचे तेव्हाचे पाच जिल्हे, तेलंगणा आणि बिदर, गुलबर्गा, रायचूर हा कानडी मुलूख, एवढं मोठं ते संस्थान. उदगीर-देगलूरकडच्या कितीतरी जणींचं माहेर भालकी-औरादला आहे. त्यांना ठाऊक असेल, १७ सप्टेंबर तिकडंही पाळतात. निजामाला भारतात यायचं नव्हतं. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली स्टेट काँग्रेसनं लढा दिला, तिरंगा फडकवला म्हणून माणसं तुरुंगात गेली. नांदेडच्या विद्यापीठाला ज्यांचं नाव आहे, ते हेच स्वामीजी. शेवटी १३ सप्टेंबर १९४८ ला भारताचं सैन्य आत आलं आणि १७ तारखेला निजाम शरण आला. म्हातारी माणसं त्याला ‘पोलीस ॲक्शन’ म्हणतात, आणि त्याआधीच्या काळाला ‘रझाकाराचा टाइम’.

आता भाषणात काय येतं बघा. बिलोली तालुक्यातल्या अर्जापूरजवळ १९४६ साली मारले गेलेले गोविंदराव पानसरे येतात (कोल्हापूरचे कॉम्रेड पानसरे वेगळे, पोरांचा हमखास गोंधळ होतो). ३० जानेवारी १९४८ ला उमरीची बँक लुटली, ते येतं. त्याच दिवशी तिकडं दिल्लीत गांधीजींची हत्या झाली. हे सगळं यायलाच पाहिजे. पण उमरखेडच्या, बार्शीकडच्या सरहद्दीवरच्या छावण्यांमध्ये जी माणसं राहिली, त्यांच्या भाकरी कुणी थापल्या? रात्री निरोप कुणी पोचवले? गाव सोडून पळताना लेकरू काखेत आणि दाण्याचं गाठोडं डोक्यावर कुणाच्या होतं? बायांमधलं एखादं नाव भाषणात आलंच तर जालना जिल्ह्यातल्या धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके यांचं, कारण त्यांनी हातात बंदूक घेतली. बंदूक न घेतलेल्या हजारो जणींची नावं कुठल्याच भाषणात नाहीत.

ती नावं अजून मिळू शकतात, पण फार दिवस नाही. १९४८ साली जी पोर दहा वर्षांची होती, ती आज पंच्याऐंशी-नव्वदीच्या घरात आहे. प्रत्येक गावात अशा दोन-तीन तरी असतात, ओसरीवर बसलेल्या. त्यांना कुणी विचारत नाही.

विचारायचं कसं, ते जरा सविस्तर सांगतो. ‘आजी, मुक्तिसंग्रामाबद्दल सांगा’ असं म्हटलं की आजी म्हणते, ‘मला काय कळतंय, शिकलेल्यांना विचार.’ संपलं. तारखा विचारू नका, वस्तू विचारा. हाली पैसा पाहिला होता का? करोडगिरीचा नाका कुठं होता, तिथं काय तपासायचे? लेव्हीचं धान्य न्यायला आले तेव्हा दाणे कुठं लपवले, पेवात की कणगीत? शिंदीची झाडं तोडली ते आठवतं का? ही झाडं तोडण्याची चळवळच होती, कारण शिंदीवरच्या कराचा पैसा निजामाच्या तिजोरीत जायचा. हे विचारलं की आजीचं तोंड उघडतं, मग थांबत नाही. जात्यावरच्या ओव्याही विचारा. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावोगावच्या बायांकडून लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्या गाणाऱ्याही आपल्यासारख्याच शेतात राबणाऱ्या होत्या.

एक गोष्ट अवघड आहे, पण ती टाळून चालणार नाही. आपल्या गटांत मुस्लिम भगिनी आहेत. १७ सप्टेंबरच्या भाषणात ‘रझाकार’ शब्द आला की त्या खाली बघतात, हे आम्ही पाहिलंय. रझाकार ही एक हत्यारबंद संघटना होती आणि तिचा पुढारी कासिम रझवी हा लातुरात वकिली करायचा. रझाकार म्हणजे सगळे मुसलमान नव्हेत. हैदराबादच्या ‘इमरोज’ या उर्दू वर्तमानपत्राचे संपादक शोएबुल्ला खान यांनी भारतात सामील व्हा असं लिहिलं, म्हणून रझाकारांनीच ऑगस्ट १९४८ मध्ये त्यांचा खून केला. आणि पोलीस ॲक्शननंतर आपल्याच भागात हजारो निरपराध मुसलमान मारले गेले. केंद्र सरकारनं पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीनं जास्त झळ बसलेले चार जिल्हे सांगितले, त्यात उस्मानाबाद आणि नांदेड आहेत. लातूर शहराबद्दल तर त्या अहवालात वाचवत नाही असं लिहिलंय. तेव्हा रझाकारांनी घर जाळलेली आजी आणि नंतरच्या दंगलीत बाप गमावलेली नानीमाँ, दोघींकडं जायचं. दोघींचं ऐकताना मध्ये वाद घालायचा नाही, आणि कुणाच्या घरावर आज बोट दाखवलं जाईल असं नाव माइकवर घ्यायचं नाही.

कार्यक्रमाला फार काही लागत नाही. पंधरा दिवस आधी ग्रामसंघाच्या बैठकीत विषय घ्या. दोघी-दोघींच्या जोड्या करा: एक बोलेल, एक लिहील. मोबाइलवर रेकॉर्ड करायचं तर आधी आजीला विचारा, आणि घरच्यांसमोर ती मोकळं बोलत नसेल तर सुनेला चहा करायला आत पाठवा! सकाळचं झेंडावंदन जसं होतं तसं होऊ द्या. आपला कार्यक्रम दुपारी चारनंतर, रानातून आल्यावर, देवळापुढं किंवा समाजमंदिरात ठेवा. भाषण नको. आज्यांना खुर्चीवर बसवा आणि आपण चटईवर बसा. ज्यांना बोलायचं त्या बोलतील, ज्यांना जमत नाही त्यांचं लिहिलेलं गटातली पोरगी वाचून दाखवील. जुनं नाणं, जातं, कंदील, जे घरात असेल ते मांडा. शाळेतल्या पोरांना मुद्दाम बोलवा, खाऊ सकाळच्यातला थोडा राखून ठेवा.

लिहिलेली वही कार्यक्रम झाला की कुणाच्या तरी घरी पडते, आणि पुढच्या वर्षी सापडत नाही. म्हणून प्रत्येक आठवणीखाली आजीचं नाव, माहेर, सासर आणि लिहिल्याची तारीख टाका. एक प्रत ग्रामसंघाच्या कपाटात, एक शाळेत, आणि एक त्या आजीच्या नातीकडं द्या.