जुना लॅपटॉप आणि लोणारचे सरोवर

बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर तुम्हांला ठाऊक असेलच. बसाल्ट खडकावर अशनी आदळून झालेले हे विवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे आहे. जून २०२० मध्ये खाऱ्या पाण्यातील सूक्ष्मजीवांमुळे त्याचा रंग गुलाबी झाला होता. समजा, त्या वेळचे आणि त्याआधीचे अशी दोन उपग्रहचित्रे शेजारी शेजारी ठेवून पाहायची असे तुमच्या वर्गाने ठरविले. सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांची चित्रे विनामूल्य मिळतात. पण शाळेच्या जुन्या लॅपटॉपवर ती उघडताच यंत्र अडखळू लागते. असे का होते?

थोडे गणित करू. एका पूर्ण चित्रात १०,९८० × १०,९८०, म्हणजे सुमारे १२ कोटी ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याला २ बाइट धरले, तर एका रंगाला २४ कोटी बाइट लागतात. तांबडा, हिरवा व निळा मिळून ७२ कोटी. आणि दोन चित्रांचे सुमारे १४५ कोटी बाइट, म्हणजे जवळजवळ दीड गिगाबाइट! लॅपटॉपची मेमरी २ गिगाबाइटच असेल, तर इतर कामांना जागा उरणार कोठून?

मेमरी म्हणजे स्वयंपाकघरातला ओटा आणि हार्ड डिस्क म्हणजे माळा समजा. ओटा भरला की एक डबा माळ्यावर ठेवून दुसरा खाली काढावा लागतो. संगणकही तेच करतो. मेमरीतून माहिती मिळण्यास सुमारे १०० नॅनोसेकंद लागतात, तर फिरत्या हार्ड डिस्कला सुमारे १० मिलिसेकंद. म्हणजे लाखपट वेळ! म्हणून ओटा मोठा केला, की चढउतार वाचते.

मात्र पैसे खर्च करण्यापूर्वी खात्री करून घ्या. काम अडते तेव्हा टास्क मॅनेजर उघडून पाहा. मेमरी जवळजवळ भरलेली आणि डिस्क सतत गुंतलेली दिसली, तर मेमरी वाढविण्याचा उपयोग होईल. मेमरी मोकळी असूनही काम मंद चालत असेल, तर कारण दुसरे आहे.

नवी पट्टी जुन्या पट्टीच्याच जातीची हवी. डीडीआर-३ च्या खाचेत डीडीआर-४ बसत नाही. दोहोंच्या कापाची जागा निराळी असते. यंत्र जास्तीत जास्त किती मेमरी स्वीकारते, हे माहितीपुस्तिकेत पाहा. काही लॅपटॉपमध्ये मेमरी डाखलेली असते. ती बदलता येत नाही. घरगुती वापराची ३२-बिट कार्यप्रणाली २^३२ बाइट, म्हणजे ४ गिगाबाइटपेक्षा अधिक मेमरी सहसा वापरू शकत नाही. पट्टी शिक्षकांच्या देखरेखीखालीच बदला. आधी यंत्र बंद करा, वीजजोड व बॅटरी काढा, आणि अंगावरील स्थिर विद्युत निघून जावी म्हणून धातूच्या वस्तूला हात लावा.

आता एक बिनखर्चाचा उपाय. त्या चित्रातील एक ठिपका जमिनीवरील १० मीटर बाजूचा चौरस दाखवितो. विवरासाठी ३ किलोमीटर बाजूचा चौरस पुरे; म्हणजे ३०० × ३०० ठिपके. दोन्ही चित्रांचे असे तुकडे एखाद्या मोठ्या संगणकावर कापून घेतले, तर सर्व मिळून १०,८०,००० बाइटच लागतील. जुना लॅपटॉपही हे ओझे सहज पेलेल!

तेव्हा आधी गणित, मग खरेदी. आता सांगा पाहू, विवराच्या व्यासावर किती ठिपके येतील?