चौरंगाला घरीच पॉलिश करताय? आधी पाऊस उघडू द्या!

गणपती जवळ आले की कोल्हापुरात घरोघरी माळ्यावरचा चौरंग खाली उतरतो आणि 'यंदा पॉलिश घरीच करू' असा बेत ठरतो. पण लाखेच्या पॉलिशसाठी हीच वेळ सर्वांत अडचणीची. पावसाळी हवेत चौरंग चमकण्याऐवजी पांढुरका पडतो. असे का होते?

लाखेचे पॉलिश म्हणजे काय?
पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या फांद्यांवर लाखेचे किडे राळेसारखा पदार्थ सोडतात. तो स्वच्छ करून पातळ पापुद्रे केले की झाला चपडा. चपडा स्पिरिटमध्ये विरघळवला की पॉलिश तयार. कोल्हापूरशेजारच्या मिरजेत सतार-तंबोऱ्यांना हेच पॉलिश हाताने चढवतात. तिथल्या या वाद्यांना 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

स्टेन आणि पॉलिश यांत फरक काय?
स्टेन फक्त रंग देतो, लाकडाचे संरक्षण करत नाही. ते काम पॉलिशचे. जुन्या सागवानाला बहुधा स्टेनची गरज नसते. फिक्या पाइनला मात्र तो उठाव देतो. पॉलिशमधल्या स्पिरिटने स्पिरिटचा स्टेन पुसला जातो, म्हणून नवख्यांनी तेलाचा किंवा पाण्याचा स्टेन घ्यावा.

काम कसे करावे?
- लाकूड 120, 180 आणि 220 नंबरच्या पॉलिश पेपरने रेषांच्या दिशेने घासून धूळ पुसावी.
- स्टेन आधी टाकाऊ तुकड्यावर लावून पाहावा. लाकडाला लावल्यावर जास्तीचा लगेच पुसून रात्रभर वाळू द्यावा.
- अर्धा लिटर स्पिरिटमध्ये साधारण 75 ग्रॅम चपडा काचेच्या बरणीत रात्रभर भिजवून गाळावा. लोखंडी डबा नको, पॉलिश काळपटते.
- कापूस जुन्या सुती कापडात गुंडाळून बोळा करावा आणि पातळ हात द्यावा. ओल्या जागेवर पुन्हा बोळा फिरवू नये.
- तासाभराने दुसरा हात. असे तीन-चार हात पुरतात. मध्ये 320 नंबरचा पेपर हलका फिरवावा.

पांढरी झाक का येते?
स्पिरिट झपाट्याने उडते, त्यामुळे लाकडाचा पृष्ठभाग थंड होतो. हवेत ओलावा असेल तर तो तिथेच धरतो आणि लाखेच्या थरात अडकतो. म्हणून काम उघडीप असताना, दुपारी करावे. झाक आलीच तर घाबरू नये. कोरड्या दिवशी किंचित स्पिरिट लावलेला बोळा हलक्या हाताने फिरवला की ती बहुतेक वेळा जाते. लाख स्पिरिटमध्ये पुन्हा विरघळते, हाच तिचा मोठा गुण.

काय टाळावे?
उष्णता, साचलेले पाणी आणि अमोनियाचे क्लीनर लाखेला सोसत नाहीत. गरम चहाचा कप ठेवला तरी वळ उमटतो. म्हणून जेवणाचे टेबल किंवा अभिषेकाचा पाट यासाठी हे पॉलिश नको. चौरंगावर समई-निरांजन ठेवताना खाली तबक हवेच.

स्पिरिट लगेच पेटते. काम चालू असताना देवघरातला दिवा, उदबत्ती, गॅस बंद ठेवून खिडक्या उघडाव्यात. तेलाच्या स्टेनची फडकी गोळा करून टाकल्यास आपोआप पेटू शकतात. ती बाहेर मोकळी पसरून वाळवावीत.

पाऊस उघडतच नसेल तर? यंदा चौरंग पुसून त्यावर स्वच्छ वस्त्र अंथरावे. पॉलिश दिवाळीच्या कोरड्या हवेत, निवांत.