विचारस्वातंत्र्य, बंदी आणि आपले विद्यार्थी

शिरपूर आणि आसपासच्या खेड्यांतील आपली मुले-मुली आज मालेगाव, वाशीम, अकोला, अमरावती येथे आणि त्याहून पुढे पुणे-मुंबईच्या विद्यापीठांत शिकत आहेत. महाविद्यालयात ती वादसभा घेतात, पथनाट्य करतात, जयंतीला व्याख्याने ठेवतात, एखादा माहितीपट दाखवतात. अशा वेळी कधी ना कधी प्रश्न उभा राहतो : हा विषय घेऊ द्यायचा की नाही? हे पुस्तक वाचावे की नाही? या वक्त्याला बोलू द्यावे की नाही? या प्रश्नांना 'चालेल' किंवा 'चालणार नाही' एवढे उत्तर पुरेसे नाही. विचारावर बंदी म्हणजे काय, कायदा काय सांगतो, बाबासाहेबांनी स्वतः काय केले आणि भगवान बुद्धांचा धम्म याबाबत कोणती शिस्त घालून देतो, हे आपल्या विद्यार्थ्यांना ठाऊक असले पाहिजे. त्यासाठीच स्मरणिकेतील ही पाने आम्ही खर्ची घालीत आहोत.

बंदी फक्त सरकारच घालते काय?

सेन्सॉर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे सिनेमाचे प्रमाणपत्र येते. परंतु बंदीचे प्रकार अनेक आहेत. पहिला प्रकार सरकारी. इंग्रजांनी 1876 मध्ये नाट्यप्रयोगांवर नियंत्रण ठेवणारा कायदा केला आणि पुढे 1910 मध्ये कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या 'कीचकवध' नाटकावर बंदी घातली. नाटकातील कीचकात प्रेक्षकांना लॉर्ड कर्झन दिसत होता, हे त्याचे कारण. स्वातंत्र्यानंतरही महाराष्ट्रात नाटकाच्या संहितेची तपासणी करणारे मंडळ राहिले. विजय तेंडुलकरांच्या 'सखाराम बाइंडर'ला 1972 मध्ये या मंडळाने अडवले, तेव्हा दिग्दर्शक कमलाकर सारंग यांना न्यायालयात जावे लागले.

दुसरा प्रकार समाजाच्या बहिष्काराचा. बाबासाहेबांनी 31 जानेवारी 1920 रोजी 'मूकनायक' सुरू केले. त्याची जाहिरात पैसे देऊनही छापण्यास 'केसरी'ने नकार दिला. येथे कोणताही कायदा आड आला नव्हता. ज्यांच्या हाती छापखाना त्यांच्या हाती वाणी, असा तो काळ होता. ज्यांना शतकानुशतके बोलूच दिले नाही, त्यांच्यासाठी वर्तमानपत्राचे नावच 'मूकनायक' असावे, यात सगळा इतिहास आला. तिसरा प्रकार झुंडीच्या दहशतीचा आणि चौथा आपल्याच मनातील भीतीचा. चौथा सर्वांत वाईट, कारण तेथे हुकूम काढावा लागत नाही आणि जाबही कोणाला विचारता येत नाही.

1936 : न झालेले भाषण

बंदीला उत्तर कसे द्यावे याचा सर्वांत मोठा धडा बाबासाहेबांनी 1936 मध्ये घालून दिला. लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाने त्यांना आपल्या वार्षिक परिषदेचे अध्यक्षपद दिले होते. भाषणाचा मसुदा पाहताच मंडळाचे चालक घाबरले. धर्मशास्त्रांवरील टीका आणि धर्मांतराचा उल्लेख वगळावा, असा त्यांनी आग्रह धरला. बाबासाहेबांनी एक अक्षरही बदलण्यास नकार दिला. परिषदच रद्द झाली.

पुढे बाबासाहेबांनी काय केले, हे विद्यार्थ्यांनी नीट पाहावे. त्यांनी तेच भाषण स्वतः पुस्तकरूपाने छापले. पहिल्या आवृत्तीच्या 1500 प्रती दोन महिन्यांत संपल्या. गांधीजींनी 'हरिजन'मधून त्यावर टीका केली. 1937 मध्ये दुसरी आवृत्ती निघाली तेव्हा बाबासाहेबांनी गांधीजींची ती टीका आपल्याच पुस्तकात छापली आणि तिच्या पुढे आपले उत्तर दिले. ज्याचे तोंड बंद करण्याचा प्रयत्न झाला होता, त्यानेच विरोधकाला आपल्या पुस्तकात जागा दिली! आपले म्हणणे पक्के असेल तर विरोधी म्हणणे वाचकापासून लपवावे लागत नाही, हा त्याचा अर्थ होय.

हीच वृत्ती त्यांनी विद्यार्थ्यांत रुजवली. पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे सिद्धार्थ महाविद्यालय मुंबईत 1946 मध्ये सुरू झाले. तेथे विद्यार्थ्यांची 'संसद' भरत असे. जानेवारी 1950 मध्ये देशाचे कायदेमंत्री असलेल्या बाबासाहेबांनी या विद्यार्थी-संसदेपुढे हिंदू कोड बिलावर भाषण केले. देशभर ज्यावर वादळ उठले होते, तो विषय त्यांनी महाविद्यालयीन मुलांपुढे मांडला. 'तुम्ही लहान आहात, यात पडू नका,' असे म्हटले नाही.

कायदा काय सांगतो?

संविधानाच्या अनुच्छेद 19(1)(क) प्रमाणे प्रत्येक नागरिकाला भाषण व अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य आहे. अनुच्छेद 19(2) त्यावर निर्बंध घालण्याची कारणे सांगतो. ती आठ आहेत : देशाचे सार्वभौमत्व व एकात्मता, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता किंवा नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, अब्रूनुकसानी आणि गुन्ह्यास चिथावणी. या यादीत 'कोणाला आवडले नाही' असे कारण नाही.

1950 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकाच दिवशी दोन निकाल दिले. एक डाव्या विचारांच्या 'क्रॉसरोड्स' साप्ताहिकाच्या बाजूने आणि दुसरा उजव्या विचारांच्या 'ऑर्गनायझर'च्या बाजूने. त्यानंतर 1951 मध्ये पहिली घटनादुरुस्ती झाली. तिच्यात निर्बंधांची कारणे वाढली. ही दुरुस्ती संसदेत चर्चेला आली तेव्हा कायदेमंत्री म्हणून बाबासाहेबांनी तिचे समर्थन केले होते. मात्र निर्बंध 'वाजवी' असले पाहिजेत, हा शब्दही याच दुरुस्तीने आला. वाजवी की गैरवाजवी हे ठरविण्याचा अधिकार त्यामुळे न्यायालयाकडे गेला. म्हणजे बाबासाहेब अमर्याद स्वातंत्र्याचे पुरस्कर्ते नव्हते, तसेच सरकारच्या मनमानीचेही नव्हते.

1989 चा एक निकाल आपल्याला बोचणारा, पण समजून घेण्यासारखा आहे. एका तमिळ चित्रपटात आरक्षणाच्या धोरणावर टीका होती. तो दाखवला तर लोक खवळतील, असे सांगून त्याला विरोध झाला. सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटाला परवानगी दिली. निदर्शनांच्या किंवा हिंसेच्या धमकीपुढे राज्याने मान तुकवणे म्हणजे कायद्याचे राज्य सोडून देणे होय, अशा आशयाचे विवेचन न्यायालयाने केले. आरक्षण हा आपल्या जगण्याचा प्रश्न आहे. तरीही हाच निकाल उद्या आपल्या विद्यार्थ्यांच्या सभेचे रक्षण करतो, हे विसरून चालणार नाही.

येथे एक फरक स्पष्ट केला पाहिजे. विचारावर टीका करणे वेगळे आणि जातीवरून माणसाला हिणवणे वेगळे. सार्वजनिक दृष्टीस पडेल अशा ठिकाणी अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला जातीवरून शिवीगाळ किंवा अपमान करणे हा 1989 च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. त्याला 'अभिव्यक्ती' म्हणता येत नाही. कारण शिवीचा हेतू उत्तर मिळवणे हा नसतो. समोरच्याला बोलण्याच्या जागेवरूनच उठवणे हा असतो.

आपला अनुभव : 1988 आणि 2012

महाराष्ट्र शासनाने 1987 मध्ये बाबासाहेबांच्या लेखन व भाषणांचा चौथा खंड, 'रिडल्स इन हिंदुइझम', प्रसिद्ध केला. राम व कृष्ण यांच्यावरील परिशिष्टावरून वादळ उठले आणि ते परिशिष्ट काढण्याच्या हालचाली सुरू झाल्या. 1988 च्या आरंभी आंबेडकरी समाज मुंबईच्या रस्त्यावर उतरला. बाबासाहेबांच्या लेखणीला कात्री लागू देणार नाही, ही त्या मोर्चाची मागणी होती. अखेर मजकूर कायम राहिला आणि त्यातील मतांशी शासन सहमत असेलच असे नाही, अशी टीप जोडण्यात आली. कापण्याऐवजी टीप देणे, हा त्या वादातून निघालेला शहाणपणाचा मार्ग होता.

आता दुसरी घटना. अकरावीच्या राज्यशास्त्राच्या राष्ट्रीय पाठ्यपुस्तकात 1949 चे शंकर यांचे एक व्यंगचित्र होते. संविधानरूपी गोगलगायीवर बाबासाहेब बसले आहेत, नेहरूही चाबूक घेऊन उभे आहेत, असे ते चित्र. घटना तयार व्हायला जवळजवळ तीन वर्षे का लागली, असा प्रश्न त्याच्या खाली विद्यार्थ्यांना विचारला होता. मे 2012 मध्ये संसदेत त्यावर गदारोळ झाला आणि चित्र मागे घेण्यात आले. पुस्तकाचे सल्लागार योगेंद्र यादव व सुहास पळशीकर यांनी राजीनामे दिले. दुसऱ्याच दिवशी पुणे विद्यापीठातील पळशीकर यांच्या कार्यालयाची मोडतोड झाली.

या चित्राबद्दल आपल्या समाजात दोन मते होती आणि आहेत. ज्यांच्या पूर्वजांच्या पाठीवर खरोखरीचे आसूड उमटले, त्यांना बाबासाहेबांच्या मागे उगारलेला चाबूक पाहून वेदना झाली असेल, तर ती वेदना खोटी नाही. निषेध करणे, निवेदन देणे, पुस्तकात बदल मागणे हे सर्व हक्क आपले आहेत. परंतु प्राध्यापकाचे कार्यालय फोडणे हा हक्क नाही. 1988 मध्ये 'पुस्तकाला हात लावू नका' म्हणणाऱ्या समाजाच्या नावाने 2012 मध्ये विद्यापीठातील खोली फोडली जाते, तेव्हा आपला नैतिक पाया ढासळतो. मग फेब्रुवारी 2024 मध्ये त्याच विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात रामलीलेतील कलावंतांवरचे विद्यार्थ्यांचे नाटक उधळले जाते, विभागप्रमुख व पाच विद्यार्थ्यांना अटक होते, तेव्हा आपण कोणत्या तोंडाने बोलणार?

आंबेडकरी विद्यार्थ्यांच्या सभांवरही घाला येतोच. मद्रासच्या आयआयटीतील आंबेडकर-पेरियार स्टडी सर्कलची मान्यता मे 2015 मध्ये एका निनावी तक्रारीनंतर काढून घेण्यात आली. देशभर निषेध झाला आणि जूनमध्ये ती परत मिळाली. निनावी पत्राने अभ्यासमंडळ बंद पडते आणि उघड, सनदशीर आवाजाने ते पुन्हा सुरू होते, हे दोन्ही त्यातून दिसले.

धम्माची शिस्त

दीघ निकायाच्या पहिल्याच सुत्तात, ब्रह्मजाल सुत्तात, एक प्रसंग आहे. एक परिव्राजक बुद्ध, धम्म आणि संघ यांची निंदा करतो, तर त्याचाच शिष्य त्यांची स्तुती करतो. भिक्खूंमध्ये चर्चा होते. भगवंत त्यांना सांगतात, की कोणी माझी, धम्माची वा संघाची निंदा केली तरी रागावू नका. रागावलात तर त्याचे म्हणणे खरे की खोटे हेच तुम्हाला कळणार नाही. जे खोटे असेल ते का खोटे आहे, हे समजावून सांगा. आणि कोणी स्तुती केली तरी हुरळून जाऊ नका. अडीच हजार वर्षांपूर्वीची ही शिकवण आजच्या मोबाईलच्या युगात अधिकच लागू आहे. एक चित्र फिरते, कोणीही मूळ पाहत नाही आणि संध्याकाळपर्यंत गाव बंद होते!

कालाम सुत्तात परंपरा, ऐकीव गोष्ट किंवा गुरूचा अधिकार एवढ्यावरून काही स्वीकारू नका, असा उपदेश आहे. ऐकल्याशिवाय पारख कशी होणार? म्हणून ऐकू देणे हा धम्माचाच भाग होय. आणि सम्यक वाचा ही बोलणाऱ्यावरची मर्यादा आहे : असत्य, चहाडी, कठोर वचन आणि वायफळ बडबड टाळणे. ही मर्यादा माणूस स्वतःवर घालतो. दुसऱ्याच्या तोंडावर पट्टी बांधण्यासाठी ती नाही.

विद्यार्थ्यांनी सभा कशी घ्यावी?

आमची सूचना अशी आहे, की आपल्या विद्यार्थ्यांनी महाविद्यालयात, किंवा तेथे जमत नसेल तर विहाराच्या सभागृहात, वर्षातून एकदा तरी बंदीच्या विषयावर अभ्याससभा घ्यावी. त्यासाठी पुढील पथ्ये पाळावीत.

1. ज्या पुस्तकावर, नाटकावर वा चित्रावर वाद आहे, ते मूळ स्वरूपात मिळवावे. ऐकीव उताऱ्यावर चर्चा करू नये.

2. विरोधी बाजू आधी मांडावी आणि ती विरोधकालाही मान्य होईल इतक्या प्रामाणिकपणे मांडावी. 1937 ची आवृत्ती डोळ्यांपुढे ठेवावी.

3. प्राचार्यांकडे अर्ज लेखी द्यावा आणि पोच घ्यावी. नकार मिळाला तर कारण लेखी मागावे. ध्वनिक्षेपक असेल तर पोलिसांची परवानगी घ्यावी. सार्वजनिक नाट्यप्रयोग असेल तर संहितेच्या प्रमाणपत्राचे आधीच पाहावे.

4. कोणाच्या जातीचा, धर्माचा वा स्त्रीत्वाचा अपमान होईल असे बोलणे अध्यक्षांनी तेथेच थांबवावे. मताला मात्र थांबवू नये.

5. सभेत मुलींना आणि पहिल्यांदा बोलणाऱ्यांना आधी वेळ द्यावा. धीट वक्त्यांनी शेवटी बोलावे.

6. सभेचा वृत्तांत लिहून ठेवावा. पुढे कोणी विपर्यास केला तर तोच पुरावा असतो.

आपल्या शिरपूरची ओळख अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या प्राचीन मंदिरामुळे आहे. दोन पंथांच्या वादामुळे ते मंदिर चार दशके बंद होते आणि सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर 2023 मध्ये उघडले. श्रद्धेचा वाद किती खोल जातो, हे आपल्या गावाला कोणी शिकवायला नको. म्हणूनच येथील विद्यार्थ्यांनी वाद टाळायला नव्हे, वाद सभ्यपणे करायला शिकावे, असे आम्हास वाटते.

आपल्या समाजाला वाणी मिळून अद्याप फार काळ झालेला नाही. 'मूकनायक'ला शंभर वर्षे होऊन थोडीच वर्षे लोटली आहेत. जी वाणी इतक्या कष्टाने मिळाली, ती दुसऱ्याची हिरावून सुरक्षित राहणार नाही. ती अभ्यासाने, धैर्याने आणि सम्यक वाचेनेच टिकेल. विद्यार्थ्यांनी पहिल्या सभेची तारीख ठरवावी. जागा, सतरंज्या आणि चहा यांची जबाबदारी आम्ही घेतो.

नमो बुद्धाय! जयभीम!