सुनेचा भार विम्यावर

जपानने एप्रिल २००० मध्ये वृद्धांच्या शुश्रूषेसाठी सक्तीचा विमा सुरू केला. वयाच्या ४०व्या वर्षापासून हप्ता भरावा लागतो. विम्यातून दिल्या जाणाऱ्या सेवांचा निम्मा पैसा या हप्त्यांतून येतो, निम्मा करांतून. पासष्टी ओलांडलेल्या व्यक्तीला किती मदत लागते याची पाहणी होते, सात पातळ्यांपैकी एक ठरते आणि त्यानुसार घरी येणारी मदतनीस, दिवसाचं केंद्र किंवा निवासी शुश्रूषा मिळते. खर्चाचा दहावा हिस्सा स्वतःच्या खिशातून. उत्पन्न जास्त असेल तर २० किंवा ३० टक्के.

रोख भत्ता मात्र नाही, आणि योजनेतला सर्वांत विचारपूर्वक घेतलेला निर्णय हाच आहे. जर्मनीने १९९५ मध्ये अशाच विम्यात घरच्या शुश्रूषेसाठी रोख रकमेचा पर्याय ठेवला होता. जपानमधल्या स्त्रियांच्या संघटनांनी तसा पर्याय आपल्याकडे आणायला विरोध केला. पैसे घरात येतील आणि सासू-सासऱ्यांचं सगळं करणं पुन्हा सुनेवरच पडेल, ही त्यांची भीती रास्त होती.

तरीही घरच्यांच्या शुश्रूषेपायी नोकरी सोडणाऱ्यांची संख्या २०२२ च्या सरकारी पाहणीत वर्षाला सुमारे १ लाख ६ हजार भरली. त्यांत बहुसंख्य स्त्रियाच. कायद्याने प्रत्येक आप्तामागे ९३ दिवसांची रजा मिळते, तीही तीन टप्प्यांत घेता येते. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला वर्षानुवर्षं सांभाळावं लागतं. ही रजा त्याची सोय लावण्यापुरतीच पुरते.